इंटरफेसचे गट करून फायरवॉल आणि राउटिंगचे नियम आटोक्यात कसे आणायचे

प्रश्न थोडक्यात असा: सावद्याजवळ केळीचं पॅकहाउस आणि शीतगृह आहे. तिथे एकच मिक्रोटिक राउटर आहे, राउटरओएस ७ या मिक्रोटिकच्या स्वतःच्या प्रणालीवर चालणारा. इंटरनेटच्या दोन लाइन: ईथर१ पोर्टवर फायबरची पीपीपीओई (नाव-पासवर्डने जोडणारी लाइन), ईथर२ वर फोरजी मोडेम. आत सहा व्हीलॅन (एकाच तारेवरची वेगवेगळी नेटवर्क): ऑफिस, वजनकाटा, सीसीटीव्ही, शीतगृहाचे कंट्रोलर, व्यापारी आणि ड्रायव्हर मंडळींचं वाय-फाय, आणि राउटर-स्विचच्या देखभालीचा. जळगाव आणि शिरपूरच्या ऑफिसांकडे वायरगार्डचे दोन टनेल (इंटरनेटमधून जाणारे कूटबद्ध मार्ग) जातात, हिशेबनीस घरून एल२टीपी या दुसऱ्या टनेल पद्धतीने जोडतात. जळगावला पीएफसेन्स ही फायरवॉल आहे, शिरपूरला डेबियन लिनक्सवर एनएफटेबल्स ही फायरवॉल. फायरवॉलमध्ये साठेक नियम झाले आहेत. नवीन व्हीलॅन टाकला की सात-आठ ठिकाणी हात घालावा लागतो, आणि एल२टीपीचे नियम मधूनच लाल, म्हणजे निकामी, होतात. इंटरफेसचे, म्हणजे राउटरच्या पोर्ट, व्हीलॅन, टनेल अशा वाटांचे, गट केले तर हे सुटेल का, आणि ते करायचे कसे?

सुटेल. साठ नियमांचे वीसच्या आसपास येतील. पण गट कशावरून पाडायचे हे आधी नीट ठरवा, कारण चुकीचे गट पाडले तर नियम कमी होतील आणि भोकं वाढतील.

नियम इंटरफेसच्या नावावर लिहिले की त्यांची संख्या गुणाकाराने वाढते. सहा व्हीलॅन आणि दोन लाइन म्हटलं की नुसतं ‘बाहेर जाऊ द्या’ एवढ्यासाठी बारा नियम लागतात. तिसरी लाइन घेतली की अठरा. गटावर लिहिलं तर एकच नियम राहतो आणि नवीन लाइन आली की फक्त गटात एक नाव वाढतं.

गट म्हणजे काय नाही, हेही सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. गट म्हणजे ब्रिज नाही. ब्रिज पोर्टांना एकाच स्विचवर आणतो, त्यांच्यातली वाहतूक एकमेकांकडे जायला लागते. गट म्हणजे बाँडिंगही नाही, दोन लाइनचा वेग एक होत नाही. इंटरफेस गटात टाकल्याने पॅकेटची वाट तसूभरही बदलत नाही. गट हे फक्त नाव आहे. नियम त्या नावाकडे बोट दाखवायला लागला की मगच काहीतरी घडतं. म्हणून चालू राउटरवर भर दुपारी याद्या (मिक्रोटिकमध्ये गटाला यादी म्हणतात) तयार केल्या तरी धोका नसतो. धोका नियम बदलताना असतो.

आता गट पाडायचे कसे. केबल, पोर्ट, इमारत किंवा मजला यांवरून पाडू नका. ‘या इंटरफेसवरून आलेल्याला काय करायची मुभा आहे’ यावरून पाडा. मिक्रोटिकमध्ये एक इंटरफेस कितीही याद्यांत असू शकतो. झोनवर चालणाऱ्या फायरवॉलमध्ये, म्हणजे सिस्को किंवा फोर्टिनेटमध्ये, एक इंटरफेस एकाच झोनमध्ये बसतो, तिथे ही मोकळीक नसते. तुमच्याकडे ती आहे, तर तिचा पुरेपूर उपयोग करा आणि यादीला मुभेचंच नाव द्या. तुमच्या जागेसाठी मी या याद्या ठेवीन:

वॅन (इंटरनेटची बाजू): पीपीपीओई-आउट१, म्हणजे पीपीपीओई जोडणीचा इंटरफेस, आणि ईथर२.
नेट-मुभा: ऑफिस, वजनकाटा आणि वाय-फाय यांचे व्हीलॅन.
डीएनएस-मुभा (राउटरला साइटच्या नावावरून पत्ता विचारायची): आतले सहाही व्हीलॅन.
देखभाल: देखभालीचा व्हीलॅन, बाकी काही नाही.
बंदिस्त: सीसीटीव्ही आणि शीतगृहाचे कंट्रोलर.
शाखा: वायरगार्डचे दोन्ही टनेल.
घरून: रिकामी ठेवा, एल२टीपीचे लोक तिच्यात आपोआप येतील.
पाहुणे: वाय-फायचा व्हीलॅन. ही फक्त राउटिंगसाठी.

वाय-फायचा व्हीलॅन तीन याद्यांत आला. हरकत नाही. बंदिस्त यादीबाबत मात्र हट्टी राहा. केळी १३ ते १४ अंश सेल्सिअसला साठवतात. त्याखाली बराच वेळ गेली तर साल काळवंडते आणि माल पुढे नीट पिकत नाही. म्हणजे कंट्रोलरचा आकडा दोन-तीन अंशांनी कोणी हलवला तरी खोलीभर मालाचं नुकसान होतं. पाहुण्यांच्या मोबाइलवरून त्या कंट्रोलरचं वेबपान उघडता कामा नये, आणि कंट्रोलरलाही बाहेरच्या नेटची गरज नाही.

याद्या बनवायला विनबॉक्समध्ये (मिक्रोटिकच्या सेटिंगचा प्रोग्रॅम) ‘इंटरफेसेस’ उघडा, ‘इंटरफेस लिस्ट’ टॅबवर जा. आधी ‘लिस्ट्स’ बटणातून नावं तयार करा, मग त्याच टॅबवर प्रत्येक सभासद जोडा. यादीला ‘इन्क्लूड’ आणि ‘एक्स्क्लूड’ अशा दोन जागा असतात, त्यांत दुसऱ्या याद्या घालता येतात. हिशेब असा चालतो: आधी इन्क्लूडमधले सगळे येतात, मग एक्स्क्लूडमधले वगळले जातात, आणि शेवटी हाताने जोडलेले सभासद बसतात. त्यामुळे हाताने जोडलेला इंटरफेस एक्स्क्लूडमुळे बाहेर पडत नाही. इतक्या लहान जागेला इन्क्लूड-एक्स्क्लूड न वापरणंच बरं. सहा महिन्यांनी यादी वाचणाऱ्याला ती एका नजरेत कळली पाहिजे.

सभासद जोडताना चार चुका नेहमी होतात, आणि चारींची लक्षणं वेगळी असतात.

पहिली, वॅनमध्ये पीपीपीओई-आउट१ ऐवजी ईथर१ टाकणं. तार ईथर१ ला आहे हे खरं, पण फायरवॉलला दिसणारं आयपी पॅकेट पीपीपीओई-आउट१ वरून येतं. नॅटचा (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याचा) नियम लागू होत नाही आणि नेट चालत नाही, तेव्हा ही चूक लगेच कळते. पण ‘वॅनवरून आलेलं टाकून द्या’ हा नियमही लागू होत नाही, आणि ते कळत नाही. राउटरचा डीएनएस जगाला उघडा पडतो.

दुसरी, ब्रिजमध्ये असलेलं पोर्ट यादीत टाकणं. ईथर५ ब्रिजचा सभासद असेल तर आयपी फायरवॉलला ईथर५ दिसत नाही, ब्रिज दिसतो किंवा त्याच्यावरचा व्हीलॅन दिसतो. यादीत व्हीलॅन इंटरफेस घाला.

तिसरी चूक कारखान्यातून आलेल्या मांडणीमुळे होते. त्या मांडणीत लॅन (आतली बाजू) नावाची यादी असते आणि तिच्यात ब्रिज असतो. पुढे तुम्ही व्हीलॅन केले तरी ब्रिज लॅनमध्ये तसाच राहतो. मग टॅग नसलेल्या एखाद्या रिकाम्या पोर्टला कोणीही लॅपटॉप लावला की त्याला पूर्ण विश्वास मिळतो. देखभालीचा व्हीलॅन चालू झाला, त्याच्यावरून विनबॉक्स उघडतं याची खात्री झाली, की ब्रिज लॅन यादीतून काढा.

चौथी याच्या उलट. नवीन व्हीलॅन केला, पण कोणत्याच यादीत टाकला नाही. मूळ मांडणीत राउटरकडेच येणाऱ्या वाहतुकीचा, म्हणजे इनपुटचा, शेवटचा नियम ‘लॅनमध्ये नसलेल्याला टाकून द्या’ असा असतो. तेव्हा मोबाइलला आयपी मिळतो, ८.८.८.८ ला पिंग जातो, पण एकही साइट उघडत नाही, कारण राउटरला विचारलेला डीएनएस अडतो. लाइनवाल्याला फोन करण्याआधी यादी बघा.

आता नियम. इनपुट साखळी, म्हणजे खुद्द राउटरकडे येणारी वाहतूक, या क्रमाने लावा. प्रस्थापित, संबंधित आणि अनट्रॅक्ड जोडण्या स्वीकारा. अवैध टाका. आयसीएमपी (पिंग वगैरे) स्वीकारा. वॅन यादीवरून वायरगार्डचं पोर्ट स्वीकारा, मिक्रोटिकचं ठरलेलं पोर्ट यूडीपी १३२३१ आहे. वॅनवरूनच एल२टीपीसाठी यूडीपी ५०० व ४५०० आणि ईएसपी प्रोटोकॉल (एल२टीपीला कूटबद्ध करणाऱ्या आयपीसेकची वाहतूक). यूडीपी १७०१ मात्र ‘आयपीसेक पॉलिसी’ मध्ये ‘इन, आयपीसेक’ अशी अट घालूनच, नाहीतर कूटबद्ध न केलेलं एल२टीपीही आत शिरतं. डीएनएस-मुभा यादीवरून पोर्ट ५३, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही. यंत्रांना पत्ता देणाऱ्या डीएचसीपीचा ६७ आणि घड्याळासाठी १२३ हे यूडीपी पोर्टही याच यादीला द्या, सीसीटीव्हीची वेळ त्यामुळे बरोबर राहते. देखभाल यादीवरून सगळं स्वीकारा. आणि शेवटी अट नसलेला ‘टाकून द्या’.

शेवटचा नियम ‘वॅनवरून आलेलं टाका’ असा लिहू नका. त्याचा अर्थ होतो की जे कोणत्याच यादीत नाही ते आत येऊ शकतं. उद्या कोणी तिसरी लाइन लावली आणि यादीत टाकायला विसरलं, तर ती लाइन उघडी राहते. अट नसलेल्या शेवटच्या नियमात विसरलेला इंटरफेस बंद राहतो, काहीतरी चालत नाही म्हणून तक्रार येते, आणि तुम्ही ती दुरुस्त करता. उघड्या दाराची तक्रार कोणी करत नाही.

फॉरवर्ड साखळी, म्हणजे राउटरमधून आरपार जाणारी वाहतूक, लहान आहे. प्रस्थापित-संबंधित स्वीकारा, अवैध टाका. नेट-मुभाकडून वॅनकडे स्वीकारा. देखभालीकडून बंदिस्तकडे स्वीकारा. शाखांकडून ऑफिसच्या व्हीलॅनकडे, आणि ऑफिसकडून शाखांकडे. ‘घरून’ यादीकडून फक्त हिशेबाच्या सर्व्हरच्या आयपीकडे. वॅनवरून येणाऱ्या नव्या जोडण्यांपैकी ज्यांना डीएसटी-नॅट (बाहेरून आलेलं आतल्या यंत्राकडे वळवणं) लागलेलं आहे त्याच स्वीकारा. बाकी टाका. ऑफिसातल्या एकाच संगणकावर कॅमेरे बघायचे असतील तर त्यासाठी यादी करू नका, त्या संगणकाच्या आयपीवर नियम लिहा. इंटरफेसच्या याद्या जागांसाठी, पत्त्यांच्या याद्या यंत्रांसाठी. हे दोन्ही मिसळले की पुन्हा साठ नियम होतात.

नॅटला एकच नियम: बाहेर जाणारी यादी वॅन, कृती मास्करेड (लाइनचा त्या वेळचा पत्ता लावणं). टनेल वॅनमध्ये नाहीत, म्हणून जळगावला तुमचे खरे आतले पत्ते दिसतील, ते बरोबर आहे. एखाद्या लाइनला स्थिर आयपी घेतला असेल तर तिच्यासाठी एसआरसी-नॅट (ठरावीक पत्ता लावणारा नियम) स्वतंत्र लिहा. तिथे प्रत्येक लाइनचा पत्ता वेगळा, म्हणून गटाचा उपयोग नाही.

दोन जागा लोक हमखास विसरतात. ‘आयपी’ मधल्या ‘नेबर्स’ ची डिस्कव्हरी सेटिंग आणि ‘टूल्स’ मधला ‘मॅक सर्व्हर’ यादीवरच चालतात. दोन्हीकडे देखभाल यादी द्या. मॅक पत्त्यावरून उघडलेलं विनबॉक्स आयपी फायरवॉलमधून जातच नाही, तिथे इनपुटचे नियम कितीही कडक असले तरी काम करत नाहीत. दुसरी जागा आयपीव्ही६. याद्या दोन्हींना सामाईक आहेत, पण आयपीव्ही६ ची फायरवॉल वेगळी. फायबरवाल्याने आयपीव्ही६ दिलं असेल आणि तिथले नियम रिकामे असतील, तर आयपीव्ही४ मध्ये नॅटमागे लपलेला कॅमेरा आयपीव्ही६ वर थेट जगासमोर असतो. हेच इनपुट-फॉरवर्ड तिथेही लिहा, फक्त आयसीएमपीव्ही६ अडवू नका, त्याच्याशिवाय आयपीव्ही६ चालत नाही.

एल२टीपीचे लाल नियम. हिशेबनीस जोडला की त्याच्या नावाचा तात्पुरता इंटरफेस बनतो, जोडणी तुटली की नाहीसा होतो. नियमात त्या इंटरफेसचं नाव असेल तर जोडणी तुटताक्षणी तो नियम अनाथ होतो. मे महिन्यात लाइट वारंवार जाते, तेव्हा हे दिवसातून कितीदा होईल सांगता येत नाही. उपाय: ‘पीपीपी’ मधल्या ‘प्रोफाइल्स’ मध्ये त्यांचं प्रोफाइल उघडा, ‘इंटरफेस लिस्ट’ या जागी ‘घरून’ निवडा. प्रत्येक जोडणी येताना यादीत जाते, जाताना निघते, नियम तसाच राहतो. एकट्या या बदलासाठीसुद्धा याद्या करणं सार्थकी लागतं.

राउटिंगकडे येऊ. यादी स्वतः मार्ग निवडत नाही. फायबर गेलं की फोरजीवर जायचं काम डिस्टन्स (मार्गाचा अग्रक्रम, लहान आकडा आधी) करतो, पीपीपीओईला १ आणि ईथर२ ला २. पाहुण्यांचं वाय-फाय कायम फोरजीवरून न्यायचं असेल तर याद्या कामी येतात. ‘राउटिंग’ मध्ये ‘टेबल्स’ उघडा, नवीन टेबल करा आणि ‘फिब’ वर खूण करा, ७ मध्ये ती खूण नसली तर टेबल निरुपयोगी आहे. त्या टेबलमध्ये डीफॉल्ट रूट घाला, गेटवे मोडेमचा आतला पत्ता, समजा १९२.१६८.१.१. मग ‘मॅंगल’ (पॅकेटवर खुणा लावायची जागा) मध्ये प्रीराउटिंगचा नियम: येणारी यादी पाहुणे, गंतव्याचा प्रकार लोकल नसलेला, कृती ‘मार्क राउटिंग’. लोकल वगळणं महत्त्वाचं, नाहीतर वाय-फायवरून राउटरला विचारलेला डीएनएसही मोडेमकडे निघतो. फोरजी बंद पडून त्या टेबलमध्ये रूटच उरला नाही तर मुख्य टेबलमधून बघितलं जातं, म्हणजे पाहुणे फायबरवर येतात. ते नको असेल तर ‘राउटिंग रूल्स’ मध्ये ‘लुकअप ओन्ली इन टेबल’ वापरा. त्या रूल्समध्ये इंटरफेस एकच घेता येतो, यादी घेता येत नाही. म्हणून मार्क मॅंगलमध्ये यादीवर लावायचा आणि रूलमध्ये त्या मार्कवर निर्णय घ्यायचा.

इथे फास्टट्रॅक, म्हणजे चालू जोडणीची पॅकेटं बहुतेक नियम टाळून झटपट पुढे नेणारी सोय, आडवा येतो. फास्टट्रॅक झालेली पॅकेटं मॅंगलमधून जात नाहीत. मग पान उघडायला लागतं आणि मध्येच अडकतं, किंवा डाउनलोडचा पहिला तुकडा येतो आणि पुढे काही नाही. पाहुण्यांच्या जोडण्यांना आधी कनेक्शन मार्क लावा आणि फास्टट्रॅकच्या नियमात ‘कनेक्शन मार्क: नो-मार्क’ ही अट घाला. ‘आयपी’ च्या ‘सेटिंग्ज’ मध्ये आरपी फिल्टर (पॅकेट योग्य वाटेने आलं का ते तपासणारा) ‘स्ट्रिक्ट’ असेल तर तो ‘लूज’ करा, दोन लाइनच्या राउटरवर स्ट्रिक्ट चांगली पॅकेटं खातो.

मोडेमच्या मागे १९२.१६८.१.० असेल तर आतल्या कोणत्याही व्हीलॅनला तोच पट्टा देऊ नका. आणि फोरजीवर मिळालेला पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ मधला असेल तर ती लाइन कंपनीच्या नॅटमागे आहे, तिच्यावरून बाहेरून आत वायरगार्ड येणार नाही. सावद्याच्या बाजूने टनेल सुरू करावा लागेल, आणि ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा.

ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना मार्ग आपोआप कळवायची पद्धत) चालवत असाल तर ७ मध्ये ‘इंटरफेस टेम्प्लेट’ ला यादी देता येते. शाखा यादी द्या आणि इनपुटमध्ये त्या यादीवरून ओएसपीएफ स्वीकारा, मग नवीन टनेल यादीत टाकला की शेजार आपोआप जुळतो.

बदल करण्याची पद्धत. आधी बॅकअप आणि एक्स्पोर्ट दोन्ही घ्या, फाइल राउटरवर न ठेवता लॅपटॉपवर उतरवा. देखभालीच्या पोर्टवर तारेने बसा. याद्या आणि सभासद करा. मग नवे नियम जुन्यांच्या वर, पण कृती ‘पासथ्रू’ ठेवून टाका. पासथ्रू काहीच अडवत नाही, फक्त मोजतो. एक पूर्ण कामाचा दिवस जाऊ द्या, गाड्या भरण्याची वेळही त्यात यायला हवी, आणि जुन्या-नव्या नियमांचे आकडे जुळतात का पाहा. ज्या नव्या नियमावर शून्य आहे, त्याच्या यादीत चूक आहे. आकडे जुळल्यावर विनबॉक्सचं ‘सेफ मोड’ दाबून कृती बदला, जुने नियम बंद करा, पण पुसू नका. सत्र तुटलं तर सेफ मोड सगळं मागे घेतो. त्याच्या इतिहासात १०० कृतीच मावतात, त्यापुढे गेलात तर तो निमूट बंद होतो आणि काहीही मागे घेतलं जात नाही. म्हणून पंधरा-वीस बदल झाले की सेफ मोड सोडून ते पक्के करा आणि पुन्हा चालू करा.

तपासताना कनेक्शन्स टॅबमधल्या जुन्या जोडण्या पुसा. प्रस्थापित टीसीपी जोडणीचा ठरलेला कालावधी १ दिवस आहे. ती पहिल्या नियमावरच स्वीकारली जाते, त्यामुळे तुमचा नवा अडथळा काम करत नाही असं वाटत राहतं.

जळगावच्या पीएफसेन्सवर गट ‘इंटरफेसेस’, ‘असाइनमेंट्स’, ‘इंटरफेस ग्रुप्स’ इथे होतात. नाव १५ अक्षरांच्या आत, शेवटी आकडा चालत नाही. तिथे क्रम ठरलेला आहे: आधी फ्लोटिंग नियम, मग गटाचे, मग त्या इंटरफेसच्या टॅबवरचे. गटात ‘जाऊ द्या’ लिहिलं तर इंटरफेसच्या टॅबवरचा ‘अडवा’ कधीच गाठला जात नाही. म्हणून गटात सगळ्यांना लागू असलेल्या मोजक्याच गोष्टी लिहा, डीएनएस, वेळ, आणि खाजगी पत्त्यांकडे जाण्यास मनाई. दोन इंटरनेट लाइन तिथे गटात टाकून बाहेरून येणारे नियम गटावर लिहू नका. गटाच्या नियमांना ‘रिप्लाय-टू’ (आलेल्या लाइनवरूनच उत्तर पाठवणं) लागत नाही. दुसऱ्या लाइनवरून आलेल्या जोडणीचं उत्तर डीफॉल्ट लाइनवरून निघतं आणि हरवतं. बाहेरून येणाऱ्यासाठी प्रत्येक लाइनच्या टॅबवर स्वतंत्र नियमच हवा, इथे पुनरुक्ती परवडते.

शिरपूरच्या डेबियनवर लिनक्सचे स्वतःचे गट आहेत. आयपी-लिंक आदेशाने इंटरफेसला गट क्रमांक द्यायचा, ईटीसीमधल्या आयप्रूट२ फोल्डरच्या ग्रुप फाइलमध्ये त्या क्रमांकाला नाव द्यायचं, आणि एनएफटेबल्समध्ये येणाऱ्यासाठी ‘आयआयएफ-ग्रुप’, जाणाऱ्यासाठी ‘ओआयएफ-ग्रुप’ वापरायचं. नवीन इंटरफेस जन्मतो तो ० क्रमांकात, म्हणून ० ला कोणतीही मुभा देऊ नका आणि साखळीचं धोरण ‘ड्रॉप’ ठेवा. गट क्रमांक रीबूटनंतर टिकत नाही, तो सिस्टमडी-नेटवर्कडीच्या लिंक विभागात किंवा इंटरफेसच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. गट वापरणार नसाल तर निदान ‘आयआयएफ’ ऐवजी ‘आयआयएफ-नेम’ लिहा. आयआयएफ इंटरफेसचा अंतर्गत क्रमांक धरतो. टनेल बंद करून पुन्हा उभा केला की क्रमांक बदलतो आणि नियम भलतीकडे किंवा कुठेच लागत नाही. बूट होताना इंटरफेस नसेल तर पूर्ण नियमावलीच चढत नाही, आणि मशीन उघडं राहतं. धोरणात्मक राउटिंगला तिथेही गट थेट चालत नाही, गटावर मार्क लावून ‘आयपी रूल’ ला मार्क द्यायचा.

आणि लिनक्सवर आयपी-लिंक आदेशाने अख्खा गट एका फटक्यात बंद करता येतो. सावद्याहून टनेलमधून शिरपूरवर काम करताना तो आदेश ‘शाखा’ गटावर चालवला, तर परत यायला रस्ताच उरत नाही, मग शिरपूरला कोणीतरी मशीनसमोर बसलेलंच हवं.